ऋतुमान, परिसर आणि मुलांच्या अंगचे चाळे

वर्गात एखादा मुलगा सारखे डोळे मिचकावतो, एखादा मान उडवितो, एखादी मुलगी खांदा झटकते, तर एखादे मूल घसा खाकरावा तसा आवाज दर दोन मिनिटांनी काढते. प्राथमिक शाळेत दहापाच वर्षे काम केलेल्या शिक्षकाच्या दृष्टीस असे एकही मूल पडले नाही, हे संभवत नाही. आपण त्यास बहुधा ‘खोड’ म्हणतो आणि खोड मोडणे हे शिक्षकाचे काम आहे अशी आपली समजूत असते.

या चाळ्यांचा सर्वांत बुचकळ्यात टाकणारा विशेष म्हणजे त्यांचा अनियमितपणा. श्रावणात जो मुलगा शांत बसला होता, तोच फाल्गुनात मान उडवू लागतो. सकाळी कवायतीच्या वेळी ज्याचे काहीही दिसत नाही, तोच दुपारी गणिताच्या तासाला बेजार होतो. ‘काल थांबला होतास, मग आज का थांबत नाहीस?’ असा प्रश्न मग आपोआप तोंडातून निघतो, आणि त्या प्रश्नापाठोपाठ छडी नसली तरी कान पिरगाळणे येतेच. प्रस्तुत लेखात या अनियमितपणाचाच विचार करावयाचा आहे. तो नीट न उमगल्यामुळे विकार असलेले मूल हट्टी ठरते, आणि हट्टी ठरलेले मूल एके दिवशी शाळेत येईनासे होते.

वैद्यकशास्त्रात या चाळ्यास ‘टिक’ असे म्हणतात. आपण वहीत बरोबर उत्तरावर जी खूण करतो तिचा येथे काही संबंध नाही. अचानक, क्षणार्धात, पुनःपुन्हा होणारी आणि ताल नसलेली हालचाल अथवा आवाज म्हणजे टिक. शिंक येण्यापूर्वी नाकात जशी हुळहुळ होते, तशी काहीशी जाणीव पुष्कळ मुलांना टिक येण्यापूर्वी होते आणि हालचाल करून टाकली म्हणजे क्षणभर मोकळे वाटते. शिंक जशी थोडा वेळ दाबता येते, तशी टिकही थोडा वेळ दाबता येते. परंतु दाबता येते म्हणून ती बुद्धिपुरस्सर केलेली असते, असे मात्र नव्हे. शिंकणाऱ्या मुलास आपण खोडकर म्हणत नाही.

लहान वयात अशी टिक काही आठवडे अगर काही महिने दिसून आपोआप नाहीशी होणे, ही फार सामान्य गोष्ट आहे. परंतु निरनिराळ्या हालचाली व त्यांच्या जोडीला एखादा तरी आवाज, असा प्रकार वर्षाहून अधिक काळ चालू राहिला, तर डॉक्टर त्यास टुरेट विकार म्हणतात. शाळकरी वयाच्या दर हजार मुलांमागे सुमारे पाच मुलांना तो असावा असा सर्वसाधारण अंदाज आहे. मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण तिपटीचौपटीने अधिक असते. आरंभ बहुधा पाचसहा वर्षांच्या सुमारास होतो, दहा ते बारा या वयात जोर सर्वाधिक असतो आणि पुढे तारुण्यात पुष्कळांच्या बाबतीत तो ओसरतो. म्हणजे विकाराचा ऐन भर नेमका आपल्या चौथीपासून सातवीपर्यंतच्या वर्गांत असतो, हे ध्यानात घ्यावे. या विकाराचे रुग्ण अश्लील शब्द बोलतात अशी समजूत पसरलेली आहे. पण तसे दहांपैकी एखाद्याच्याच बाबतीत घडते.

या विकाराचे नाव ज्यांच्यावरून पडले ते डॉक्टर जील द ला टुरेट यांनी १८८५ साली पॅरिस येथे नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. परंतु त्यांच्याही साठ वर्षे आधी, १८२५ साली, एका फ्रेंच उमराव स्त्रीच्या या विकाराचे वर्णन डॉक्टर इटार्ड यांनी करून ठेवले होते. अरण्यात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलास शिकविण्याचा प्रयत्न करणारे इटार्ड ते हेच. विशेष शिक्षणाच्या इतिहासात ज्यांचे नाव प्रारंभी येते त्या माणसाची दृष्टी या विकाराकडेही वळावी, यात शिक्षकांना नवल वाटू नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. टिकचा जोर भरतीओहोटीप्रमाणे चढतो व उतरतो. काही आठवडे वाढलेला, मग काही आठवडे मंदावलेला, मध्येच एक हालचाल जाऊन दुसरी आलेली, असा त्याचा मूळचा स्वभावच आहे. बाहेर काही कारण घडले नाही तरीही हे चालते. यातून एक मोठा घोटाळा होतो. जोर शिखरास पोचला म्हणजेच आईबाप घाबरतात व शिक्षक संतापतात. त्याच वेळी ताईत बांधला जातो, अंगारा लावला जातो, अगर छडी उगारली जाते. शिखरानंतर उतार यावयाचाच असतो. तो येतो आणि त्याचे श्रेय ताइतास अथवा छडीस मिळते. पुढच्या चढणीस मग दोहोंचे प्रमाण वाढते. छडीने टिक गेल्याचे छातीठोकपणे सांगणारे शिक्षक प्रस्तुत लेखकास भेटलेले आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, पण त्यांनी पाहिला तो उतार. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केलेली आहे, याचे स्मरण असावे.

या मूळच्या चढउतारावर ऋतूचा व परिसराचा परिणाम होतो काय? होतो, मात्र प्रत्येक मुलाच्या बाबतीत सारखा नव्हे. उष्णतेविषयी काही मोजके परंतु महत्त्वाचे संशोधन झालेले आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९१ साली एका कुटुंबाविषयी लिहिले, की त्यातील रुग्णांच्या टिक शरीर तापले असता वाढत. पुढे थोड्या रुग्णांना उष्ण खोलीत बसवून टिक मोजल्या, तेव्हा काहींच्या बाबतीत घाम वाढू लागला तशा टिकही वाढल्या. शरीराचे तापमान समतोल राखणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत डोपामिन नावाचे द्रव्य भाग घेते आणि टिकच्या उत्पत्तीतही त्याच द्रव्याचा संबंध आहे, असे त्याचे संभाव्य कारण सांगितले जाते. रुग्ण थोडे होते, म्हणून यावरून सर्वांस लागू असा नियम करता येणार नाही.

त्याउलट अमेरिकेच्याच मेरीलँड राज्यात १९९९ च्या नोव्हेंबरपासून २००० च्या जूनपर्यंत प्राथमिक शाळेतील साडेपाचशेहून अधिक मुलांचे दरमहा निरीक्षण केले गेले. सुमारे चौथा हिस्सा मुलांत केव्हा ना केव्हा टिक दिसल्या, आणि त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत अधिक होत्या. एकीकडे उन्हाळा दोषी, दुसरीकडे हिवाळा दोषी! परंतु यात विरोध मानण्याचे कारण नाही. तेथील हिवाळा म्हणजे बर्फ, कोंडलेले वर्ग व सर्दीखोकला. त्या महिन्यांत थंडीच कारणीभूत होती की तिच्या आगेमागे येणाऱ्या गोष्टी, हे नुसत्या मोजणीवरून ठरत नाही. परदेशातील ऋतुचक्र उचलून आपल्या पंचांगावर बसविणे योग्य होणार नाही. आपल्या गावाचे वर्ष आपणच पाहिले पाहिजे.

तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी घ्या. सोलापूरहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. मृगाच्या सुमारास शाळा उघडते. नवा वर्ग, कित्येकदा नवे शिक्षक, शेजारी बसणारा सोबतीही नवा. टिक असलेल्या मुलास अनोळखी नजरेची चाहूल फार लवकर लागते आणि पहिल्या पंधरवड्यात जोर वाढलेला दिसतो. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ येते. साथ जाते, पण एखाद्या मुलाचे डोळे मिचकावणे मागे राहते. पुढे सोयाबीनची मळणी सुरू झाली म्हणजे हवेत भुसकट उडते, नाक चोंदते, घसा खवखवतो. मुलगा नाक ओढतो, खाकरतो, ते धुळीमुळे की टिकमुळे हे शिक्षकास चटकन कळत नाही. कधी दोन्ही कारणे एकत्र असतात. सर्दीने ज्या हालचालीस आरंभ झाला तीच पुढे टिक होऊन बसते. अशा वेळी सर्दीवर उपचार व डोळ्यांची तपासणी आधी व्हावी. चश्म्याची गरज असलेले मूलही डोळे मिचकावते, हे आपण विसरतो.

आश्विनात देवीचे नवरात्र येते. तुळजापुराहून ज्योत घेऊन धावणारी तरुण मंडळी, संबळाचा नाद, कर्णे, रात्रीची जाग. आणि कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून पायी येणाऱ्या यात्रेकरूंनी हा रस्ता भरून जातो. मुलांच्या आनंदास त्या दिवसांत पारावार नसतो. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. टिक केवळ भीतीने वाढते असे नव्हे. हर्षाने व उत्कंठेनेही वाढते. जत्रेला जावयाचे म्हणून नाचणारा मुलगा खांदे झटकू लागला, तर त्यास दुःख झाले आहे अशी कल्पना करून घेण्याचे कारण नाही आणि त्यास जत्रेला न नेणे हा तर शुद्ध अन्याय होय. त्यास झोप पुरेशी मिळेल एवढे पाहावे. अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी टिक वाढतात, हे कितीतरी पालक सांगतात.

दसरादिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील काही गावांतून कुटुंबे ऊसतोडीस कारखान्यांवर जातात. मूल आजीपाशी अथवा हंगामी वसतिगृहात मागे राहते. थंडी पडू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी मान उडविणे वाढते. वरवर पाहणारा म्हणेल, थंडी बाधली. पण त्या मुलास काय बाधले असेल ते आपणास सांगावयास नको. ऋतूचा परिणाम म्हणून जे दिसते, त्यात पुष्कळदा ऋतूबरोबर बदलणारे मुलाचे घर, झोप, खाणे, परीक्षा व एकटेपण दडलेले असते. म्हणून महिन्याचे नाव लिहून थांबू नये. त्या महिन्यात मुलाच्या घरी काय चालले होते हेही लिहावे.

माघफाल्गुनात ज्वारीची काढणी, परीक्षांची तयारी आणि ऊन हे तिन्ही एकदमच येतात. पत्र्याच्या खोलीत चैत्रातील दुपार कशी असते, ते या जिल्ह्यातील शिक्षकांना वर्णून सांगावे लागणार नाही. ज्या मुलाच्या टिक उष्णतेने वाढतात, त्यास दारालगत वाऱ्याच्या वाटेवर बसवावे, पाणी पिण्यास वारंवार उठू द्यावे, लेखी काम सकाळच्या पहिल्या तासांत घ्यावे. खर्च काही नाही. सकाळच्या शाळेचा लाभ या मुलांना इतरांहून अधिक होतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

घशाच्या संसर्गाविषयी दोन शब्द. घसा दुखविणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे काही मुलांत टिक एकाएकी उद्भवतात अगर वाढतात, असे मत १९९८ पासून पुढे आले. नंतर युरोपातील अनेक रुग्णालयांनी सातशेहून अधिक मुलांचा मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. नव्याने झालेला या जंतूचा संसर्ग आणि टिकची वाढ यांचा संबंध त्यांत आढळला नाही. परंतु याच जंतूच्या संसर्गानंतर होणारा एक निराळा आजार शिक्षकाने ओळखलाच पाहिजे. काल चांगले अक्षर काढणाऱ्या मुलाचे अक्षर आठपंधरा दिवसांत बिघडावे, हातातून पेन्सिल, पेला निसटू लागावा, हात व चेहरा नाचल्याप्रमाणे अविरत हलावा, चालणे डळमळावे, तर ती टिक नव्हे. त्यास कोरिया म्हणतात. तो संधिवाताच्या तापाशी निगडित असून त्यात हृदयाच्या झडपांना कायमची इजा पोचू शकते. तसेच डोळ्यांची उघडझाप करीत मूल काही क्षण शून्यात पाहते, हाकेला ओ देत नाही आणि मग जणू काही झालेच नाही असे पुढे वाचू लागते, असे दिसल्यास तो फेफऱ्याचा सौम्य प्रकार असू शकतो. या दोन्ही बाबतींत एका दिवसाचाही विलंब न करता मुलास डॉक्टरांकडे पाठवावे. अक्षर बिघडले हे घरी आईस कळणार नाही. ते शिक्षकासच कळेल.

येथवर ऋतूंचे झाले. परंतु मुलाच्या दृष्टीने वर्गाचीही एक हवा असते आणि ती बहुतांशी शिक्षकाच्या हाती असते. टिकविषयी बोलणे काढले की टिक वाढते, हे २००१ साली अमेरिकेत दोन मुलांचे निरीक्षण करून दाखविले गेले. त्यांच्या टिकविषयी संभाषण चालू असता आवाज वाढले, विषय बदलताच ते कमी झाले. दोनच मुले होती, हे खरे. पण कोणत्याही वर्गात आपणास याचा पडताळा घेता येईल. ‘मान हलवू नकोस’ ही सूचना मुलाच्या हितासाठीच दिली जाते, तरी प्रत्येक सूचनेबरोबर त्याचे लक्ष मानेकडे खेचले जाते. उलटपक्षी मन एखाद्या कामात रमले असता टिक मंदावतात. चित्र रंगविताना, लेझीम खेळताना, गोष्ट ऐकताना ज्या मुलाचे काही दिसत नाही, तो ढोंगी असतो असे नव्हे. मेंदू त्या वेळी कामात गुंतलेला असतो. कंटाळा व ताण ही दोन्ही टोके त्यास जड जातात.

दिवसभर शाळेत टिक दाबून धरणारे मूल घरी पोचताच मोकळे होते. म्हणून बाप सांगतो, “गुरुजी, पोरगं घरी लई मान उडवतंय, भायेरचं काय आसंल का ओ?” आणि शिक्षक उत्तर देतात, “शाळेत तर काही दिसत नाही.” दोघेही खरे बोलत असतात. दाबण्याच्या या खटाटोपात मुलाचे लक्ष खर्ची पडते आणि शिकविलेले कानावरून जाते. अशा मुलास मधूनमधून निमित्ताने बाहेर पाठवावे. खडू आणणे, हजेरीपट कार्यालयात पोचविणे, घंटा देणे, यांपैकी काहीही चालेल. बाहेर गेल्यावर तो दोन मिनिटे मनसोक्त मान उडवील व परत येऊन वाचू लागेल. परीक्षेत त्यास निराळ्या खोलीत बसवून थोडा अधिक वेळ दिल्यास इतरांचे काही जात नाही.

बापाच्या ‘भायेरचं’ या शब्दाची थट्टा करू नये. आपण थट्टा केली की तो शाळेत येण्याचे सोडतो, देवऋषीकडे जाण्याचे सोडत नाही. “हे मेंदूतले आहे, पोराचा दोष नाही आणि तुमचाही नाही, वय वाढेल तसे पुष्कळदा उतरते,” एवढे सांगितले तरी त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या वेळी अशा मुलाचे नाव आठवणीने पुढे करावे. पुढील तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. तामलवाडीच्या बाजूच्या लोकांना सोलापूरचे शासकीय रुग्णालयही सोयीचे पडते. औषधे आहेत, पण ती सर्वांना लागत नाहीत. टिक येण्याची जाणीव ओळखून तिच्याशी मेळ न बसणारी दुसरी हालचाल करण्यास मुलास शिकविणारी एक पद्धतही आहे. १२६ मुलांवर तिची पारख होऊन २०१० साली ती गुणकारी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीचा एक भाग आपल्या विषयाशी अगदी जुळणारा आहे : कोणत्या प्रसंगी, कोठे व कोणासमोर टिक वाढतात याची नोंद प्रथम करावयाची आणि तो प्रसंग बदलावयाचा.

वर्गातील हसणाऱ्या मुलांचे काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. अमेरिकेतील ब्रॅड कोहेन यांना लहानपणापासून हा विकार असून शाळेत त्यांना फार सोसावे लागले. एका मुख्याध्यापकांनी मात्र शाळेच्या संगीत कार्यक्रमानंतर त्यांना सर्वांसमोर उभे केले आणि हा आवाज काय आहे, तो का थांबविता येत नाही आणि शाळेने काय करावे, हे त्यांच्याच तोंडून वदविले. पुढे कोहेन स्वतः प्राथमिक शिक्षक झाले. त्यांच्या आत्मकथनावर आधारलेला ‘हिचकी’ हा हिंदी चित्रपट २०१८ साली निघाला. त्यात राणी मुखर्जी यांनी मुंबईतील एका शिक्षिकेची भूमिका केली आहे. आपल्याकडे असा प्रयोग करावयाचा झाल्यास मुलाची व पालकांची संमती आधी घ्यावी; लाजाळू मुलास सभेपुढे ओढू नये. एरवी मूल गैरहजर असेल त्या दिवशी शिक्षकाने वर्गाशी दोन मिनिटे बोलले तरी चालते.

शेवटी नोंदीविषयी. शंभर पानी वहीतील बारा पाने पुरेत, महिन्याला एक पान. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला, मुलास कळू न देता दहा मिनिटे पाहावे आणि टिक किती वेळा आली तो आकडा लिहावा. शेजारी त्या दिवसाचे ऊन अथवा ढग, मूल आदल्या रात्री किती वाजता निजले, घरी कोण आहे, सर्दीताप आहे काय, कोणता विषय चालू होता, हे चार शब्दांत टिपावे. एका वर्षाच्या नोंदीवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. मूळचा चढउतार त्यात मिसळलेला असतो. दोन वर्षे त्याच महिन्यात, त्याच परिस्थितीत आकडा चढला, तर त्या मुलापुरते काहीतरी हाती लागले असे समजावे. ही वही वर्गात उघडी ठेवू नये व इतर मुलांच्या हाती पडू देऊ नये. डॉक्टरांकडे जाताना पालकांजवळ तिची नक्कल द्यावी. आणि उन्हाळ्यात शिक्षकाची बदली झाली, तर कार्यभार सोपविताना ती नव्या शिक्षकाच्या हाती प्रत्यक्ष द्यावी, म्हणजे मृगात शाळा उघडेल तेव्हा त्या मुलास पहिल्या दिवसापासून कोणाला काही समजावून सांगत बसावे लागणार नाही.